मेलोड्रामातलं माझं मरण

अगं, मी मेले आणि आमच्या कात्रपच्या सोसायटीचं अख्खं नाटक झोपवलं, तो किस्सा ऐकलायस का?

तालमीत मी दिग्दर्शक सावंत सरांना म्हटलं, "सर, हा फारच मेलोड्रामा होतोय."

सर तापलेच. "मेलोड्रामा म्हणजे नुसती रडारड नव्हे, बाई! ग्रीकमध्ये मेलोस म्हणजे गाणं. मुळात हे वाद्यांच्या साथीनं रंगणारं नाटक. वाद्यं वाजली की माणसाचा स्वतःवर ताबा राहत नाही!"

म्हणून त्यांनी साथीला कुळगावचं भजनी मंडळ बसवलं. प्रयोगात मी आई. मी मेले, मुलानं हंबरडा फोडला, पेटी-मृदंगानं असा सूर धरला की समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सूर थांबला आणि बुवांनी सवयीनं गजर केला, "बोला, पुंडलिक वरदे..."

मी पडल्या पडल्या दोन्ही हात वर करून ओरडले, "हारि विठ्ठल!"

हशा काही थांबेना. पडदा पाडावा लागला. सर धावत आले, "बाई, तुम्ही मेला होतात!"

"तुम्हीच म्हणालात ना सर, माणसाचा ताबा राहत नाही?"

"प्रेक्षकाचा, बाई! प्रेताचा नव्हे!"