जानरावचं पिस्तूल

खोटं वाटेल, पण पांढरकवड्याच्या जानरावकडून मी एकाच गोळीचं जुनं पिस्तूल घेणार होतो. मडकं वाजवून पाहतात तसा पिस्तुलाचा सांगाडा वाजवला. आवाज तडकल्यासारखा बद्द आला.

“जानरावभाऊ, गोळी उडवताना हा सांगाडा फुटला तर माहा पंजा जाईन ना?”

“कायले फुटन? लोखंड हाय.”

“मंग तुम्हीच उडवून दाखवा.”

जानरावनं गोळी भरून पिस्तूल बाभळीला बांधलं, चापाला सुतळी अडकवली अन् मागं मागं सरकत गेला. सुतळी संपली, तेव्हा बैलाचा कासरा जोडला. त्यालाही विहिरीचा दोर जोडला. शेवटी नाल्यात आडवा पडून त्यानं ओढलं. दोर नुसता ताणला गेला, गोळी काही उडाली नाही.

जानराव धूळ झटकत परत आला.

“पाह्यलं का भाऊ? एवढं ओढलं, तरी फुटला नाही.”