आठ दिवसांसाठी एक सही

हॅलो?… हो, बोल सोनाली… अगं आवाज येणारच, रिक्षेत आहे मी. मारुतीभाऊंच्या… हो, आई शेजारीच आहेत. केळं खातायत.

काय झालं? मलाच विचारतेस काय झालं? तुझी आई इथे केळं खातेय आणि तिकडे ग्रुपवर मगनमामांनी श्रद्धांजली टाकलीय!… माझ्यामुळे? आईंचा फोटो कोणी टाकला सकाळी? खाली तीन रडकी तोंडं, आणि 'आई, मला माफ कर'! माणूस काय समजणार दुसरं? अकरा जणांनी हात जोडलेत आत्तापर्यंत. सरलाकाकूंचा नंदुरबारहून फोन, निघू का म्हणून. मी काय सांगू त्यांना? या, आल्यासारख्या भेटून जा?

वृद्धाश्रम नाही… अगं ऐक ना… सोनाली, आश्रम नाही ते! कितीदा सांगू? केंद्र आहे. विसर पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना आठ दिवस सांभाळतात, घरच्यांना जरा दम खाता यावा म्हणून. आठ दिवस. नवव्या दिवशी मीच जाऊन आणणार. नर्स आहे तिथे, दोन बाया आहेत, रात्रीचं माणूस वेगळं…

आई, साल मला द्या. मला. खाली नको… हं, शहाण्या.

हो, बोल… समाज? कुठला समाज गं? मागच्या महिन्यात आई सातच्या ठोक्याला डबा घेऊन निघून गेल्या, आठवतं? तीस वर्षं धाग्याच्या कांड्या भरल्या त्यांनी लूमवर. बाकी सगळं विसरल्या, पण कामाची पाळी नाही विसरल्या. सकाळी सात, संध्याकाळी सात, डबा हातात आणि दारात उभ्या. 'पाळी सुटनी का? पाळी सुटनी का?' त्या दिवशी कडी लावायची राहिली माझ्याकडून. आमचं अख्खं लिंबायत पालथं घातलं मी. चप्पल नाही पायात. तेव्हा समाज कुठे होता? एक मारुतीभाऊ आले रिक्षा घेऊन. बाकीच्यांनी गॅलरीतून बघितलं.

नाही, ऑपरेशन नाही माझं… लग्नही नाही कोणाचं… माहेरीही जात नाहीये… तेच तर सांगतेय, काही नाही! झोपायचंय मला.

झोपायचंय म्हटलं. झोप! डोळे मिटून!

त्या केंद्रातल्या बेननीसुद्धा विचारलं, 'कारण शुं लखुं?' मी म्हटलं, लिहा, सून थकली. त्या लिहायच्या थांबल्या. पिशवी काढायची असती तर चाललं असतं ना तुला? मग सगळ्यांनी म्हटलं असतं, अरेरे, बिचारी सुवर्णा. पोट फाडून घेतल्याशिवाय बाईनं आडवं व्हायचंच नाही का? तीन वर्षं झाली, सलग दोन तास झोपले नाही मी. ओढणीचं एक टोक त्यांच्या मनगटाला, एक माझ्या. त्या कुशीवर वळल्या की मी उठून बसते. परवा गॅसवर दूध ठेवलं आणि उभ्या उभ्या डोळा लागला. पातेलं जळून काळं. दूध गेलं ते जाऊ दे, आई तिथेच उभ्या होत्या गं, ज्योतीपाशी हात नेऊन. त्यांना काही झालं असतं तर?

तुझे भाऊ? वाल्मिक काय करणार? इच्छापोरला बारा तास ड्युटी. घरी आले की पाय धुवायच्या आधी आईजवळ बसतात, तेवढं खरं. पण त्यांनाही सुट्टी मागायची तर ठेकेदार गेटपास काढून घेतो. त्यांनी केलीय सही. फॉर्मवर सगळ्या मुलांच्या सह्या लागतात, नाहीतर म्हणे मागाहून भावंडं येऊन भांडतात. दोन रेघा. मुलगा, मुलगी. सुनेसाठी रेघच नाही! अंघोळ मी घालते, लंगोट मी बदलते, गोळी साखरेत मी लपवते. सही मात्र तुझी, आणि तू राखीनंतर एकदाही फिरकली नाहीस…

मुलांच्या परीक्षा होत्या… हो… मग गणपती… हो हो… मग पाहुणे. ऐकलंय गं सगळं.

अगं कुठे काय कुठे? केंद्रात सही घेतल्याशिवाय घेत नाहीत ना! तुझ्याकडेच येतेय. चलथाणला… आत्ता. कडोदरा गेलं मागे… मारुतीभाऊ, फाटक उघडंय का?… उघडंय म्हणतात. पाच मिनिटं.

घाबरायला काय झालं? वाघ आणत नाहीये, आई आहे तुझी… तुझ्या सासूबाई आहेत घरी? असू देत की… पाहुणे? बसू देत.

काय म्हणालीस?

नाही, परत बोल… तू खाली येतेस. गेटवरच सही करतेस. आईंना वर आणू नको.

का गं?… शेजारी बघतील?… सोफ्यावर काही करतील?

वा! सकाळी ग्रुपवर माफी मागितलीस, आता तिला जिना चढू द्यायची नाही! चारचौघांत मला वाईट ठरवलंस, सोनाली. माझ्या पोरीनं वाचलं ते. 'मम्मी, तू बा ने क्यां मोकले छे?' आजीला कुठे पाठवतेस म्हणून विचारलं मला. रडले नव्हते तीन वर्षांत, आज सकाळी मोरीत बसून रडले.

नाही. सॉरी राहू दे… आता गेटवर सही नको मला… नकोच म्हटलं ना!

ऐक आता. मध्ये बोलू नकोस. आत्ता अकरा वाजलेत. आईंना मी तुझ्या दारापर्यंत आणून सोडते आणि खाली जाते. एक वाजेपर्यंत त्या तुझ्याकडे. दाराची वरची कडी लाव, खालची त्या काढतात. कात्री आणि फिनेल उचलून वर ठेव. मोरीकडे बघू लागल्या की लगेच ने, विचारत बसू नकोस. एखादी जुनी साडी दे हातात, दोरे काढत बसतात… आणि तुला 'कोण गं तू' म्हणाल्या तर रडू नकोस त्यांच्यासमोर. घाबरतात. नाव सांग आणि चहा दे, बशीत.

मी?… मी खाली रिक्षेत झोपणार आहे. मारुतीभाऊ झाडाखाली लावतील, डबा खातील तोवर… हो, खरंच झोपणार. फॉर्म आईंच्या पिशवीत आहे. कर, नको करूस. एक वाजता बोलू आपण. पाचच्या आत केंद्रात पोहोचायचंय, नाहीतर ती खाट दुसऱ्या कोणाला जाईल.

आलो बघ. साखर कारखान्याचा वास आला… दिसतेस, दिसतेस गॅलरीत. हात काय हलवतेस, दार उघड.

चला आई, उतरायचं. हळू… हं, पाय खाली… सोनालीचं घर. सोनाली… लेक तुमची.

ठेवते गं. त्यांना उतरवायला दोन्ही हात लागतात.