रुग्ण चालताफिरता आहे

— नाय, नाय, त्या खोलीची कडी काढू नका साहेब, बसा इथंच. आत सम्यकचे बाबा हायेत — व्हय, तेच, तुमच्या कागदावरचे पुंडलिक. वाजवू द्या दार, दमतेत आपोआप. आन् मी त्यांची बायको, रत्नमाला — 'काळजीवाहक' लिहा, तसंच लिहितेत ना तुमच्यात?

सरकारची योजना कशी वाटली, इचारता? लई झकास! त्या विसरायच्या आजाराच्या शिबिराला नेलं मी ह्यांना. डॉक्टर म्हणले, आजार हाय, अपंगाचा दाखला काढा, मदत मिळंल. दाखलेवाला साहेब म्हणला, काका, तुम्ही एसटी चालवायचे ना, सिल्लोडपर्यंतचे थांबे सांगा. ह्यांनी सांगितले धडाधड — हर्सूल, चौका, फुलंब्री, आळंद! साहेब खूश. मारला शेरा — 'रुग्ण चालताफिरता आहे, मदतीची गरज नाही.' अन् घरी येऊन ह्याच माणसानं जिवापाड जपलेल्या बाबासाहेबांच्या फोटोखाली लघवी केली, वर मला इचारलं, बाई, तुम्ही कोणत्या गावच्या? मी परत गेले तर म्हणतेत, फेरतपासणीचा अर्ज रुग्णानं स्वतः करावा. ज्याला स्वतःचं नाव आठवंना, त्यानं! कुणाला झालाय हो हा आजार, ह्यांना का सरकारला? आन् हे पत्रक काय — 'रुग्णाला एकटं सोडू नका.' वा! मंग शाळंतली खिचडी तुम्ही शिजवता का?

हरवले होते ना मागच्या महिन्यात, पैठणच्या स्टँडवर — तिथं कशाला? गेलो होतो आपलं... काम? काम कायी नव्हतं. बसवलं बाकड्यावर, हातात बिस्किटाचा पुडा दिला, म्हणलं आलेच — आन् मी एकटीच परतीच्या गाडीत चढले. असं बघू नका माझ्याकडं! सात वर्षं झाली साहेब, सात वर्षं रातचं-दिवसाचं मीच. बिडकीनपर्यंत गेले, पण पुढं जाववंना. उतरले, उलटी गाडी धरली. तिथंच बसलेले, पुडा न फोडता. मी म्हणलं, खा की. तर म्हणतेत, नाय बाई, माझी बायको येणार हाय, तिला ठिवलाय.

...लिहिता काय? खोडा ते. खोडा म्हणते ना! 'समाधानी' लिहा, तेवढंच पाहिजे तुमच्या साहेबाला. फोटो? फोटो-बिटो कायी नाय. उठा — उठा, मला कामाला जायचंय.