लाल चांदणीचा रकाना

…नाही नाही, झालो ना, कार्यमुक्त झालो! हे बघा पत्र, शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे, माझाच विश्वास बसत नाही म्हणून खिशात घालून फिरतोय. पण होण्याआधी काय काय झालं ते विचारू नका… विचारा! विचाराच! तुम्हाला सांगतो, एका माणसाच्या नावावर एकशे त्रेचाळीस धोरणं असतात का हो? सातबाऱ्यावर आमच्या नावानं सात गुंठे नाहीत, आणि अख्ख्या विद्यापीठाच्या धोरणांचा मालक मी! मी कोण? धम्मपाल, वरिष्ठ सहायक, प्रशासन विभाग, खिडकीजवळचं टेबल, डोक्यावर बंद पंखा. आणि हे सगळं कशामुळे? एका रकान्यामुळे. त्याच्या डोक्यावर एवढीशी लाल चांदणी. आणि लाल चांदणी असली की रकाना रिकामा ठेवता येत नाही!

मुळात काय झालं, मागच्या वेळी मूल्यांकन समिती आली. त्यांनी साधं विचारलं, "तुमचं इंटरनेट वापराचं धोरण दाखवा." चार विभागांनी चार प्रती आणल्या. चारही वेगळ्या! चारही मंजूर! एकीत लिहिलेलं, विद्यार्थ्यांना इंटरनेट मोफत, दुसरीत लिहिलेलं, विद्यार्थ्यांनी संगणकाला हात लावू नये. समिती गेली आणि आमचे उपकुलसचिव खंडेराव साहेब मला म्हणाले, "धम्मपाल, सगळी धोरणं ऑनलाइन करून टाका. आठवडाभरात." करून टाका! गच्चीवर पापड वाळत टाकायचेत का? आठवड्याचे नऊ महिने झाले.

धोरणं कुठे होती? हिरव्या कपाटात. कपाटाची किल्ली कुठे? या टेबलावरचे माझ्या आधीचे सहायक तीन वर्षांपूर्वी बदलून गेले, त्यांच्या खिशात! कुलूप तोडलं. आत काय? टंकलेखन यंत्र वापराचं धोरण. सायकली उभ्या करण्याचं धोरण. पाहुण्यांना द्यायच्या हार-तुऱ्यांचं धोरण, त्यात हाराची लांबी दिलेली, तुऱ्याची नाही. मोकाट कुत्र्यांबाबतचं धोरण. रिक्त पदं भरण्याचं धोरण, क्रमांक सत्त्याण्णव, हा क्रमांक लक्षात ठेवा… आणि वसतिगृहाच्या धोरणातलं कलम चार उंदरांनी खाल्लेलं, बरोब्बर कलम चार, तीन शाबूत, पाच शाबूत! साहेबांना विचारलं, काय करू? म्हणाले, "जैसे थे लिहा." अहो, काय होतं तेच माहीत नाही, जैसे थे कसं लिहू? लिहिलं.

आता हे सगळं संगणकात बसवायला अंबडच्या एका कंपनीतून वेदिका नावाची मुलगी आली. गुणी पोरगी, पण प्रश्न विचारायची हो! सरकारी कागदाला प्रश्न विचारतात का? ती विचारायची. "सर, हे कधी मंजूर झालं? सर, याचा आढावा कधी? सर, याचा जबाबदार अधिकारी कोण?" मी म्हटलं, बाई, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी शोधतो, तिसरा सोडून दे. "सोडता येत नाही सर, लाल चांदणी आहे. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

मग मी फिरलो. तुम्हाला सांगतो, चपला झिजल्या, त्याही माझ्याच. वसतिगृहाचे रेक्टर म्हणाले, "छे छे, मी प्रभारी आहे." किती वर्षं? "अकरा." ग्रंथपाल म्हणाले, "माझी निवृत्ती आठ महिन्यांवर आलीय हो, आता कशाला?" स्थावर विभागाचे अभियंता तर मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं म्हणाले, "धम्मपालभाऊ, जबाबदारी घ्यायला आपण कधी नाही म्हटलंय? घेतो ना! पण तोंडी घेतो. लेखी नको." तोंडी! संगणकाला तोंड आहे का?

इकडे समितीची तारीख आली, साहेब डोक्यावर बसलेले, वेदिका सारखं घड्याळ बघतेय, आणि मी… मी काय केलं? तात्पुरतं, हं, तात्पुरतं, आजच्या दिवसापुरतं, पहिल्या धोरणासमोर स्वतःचं नाव टाकलं. लगेच हिरवी खूण आली! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्यालाही टाकलं. मग हात थांबेचना. कुत्री, हार, सायकली, संशोधनातली नीतिमत्ता, सगळीकडे धम्मपाल! समिती खूश. अध्यक्ष म्हणाले, "प्रत्येक धोरणाला निश्चित जबाबदार अधिकारी! वा!" साहेबांनी माझ्याकडे न बघता हात जोडले.

आणि दुसऱ्या दिवशी गेटवर, जिन्यात, कॅन्टीनमध्ये फलक लागले. धोरणाबाबत शंका आहे? संपर्क, धम्मपाल. खाली माझा मोबाइल नंबर! मुलींच्या वसतिगृहातून फोन. "सर, कुत्रं जिन्यात बसलंय." मी म्हटलं, मग? "धोरणावर तुमचं नाव आहे." मी काय करू? "सर, आढावा घ्या ना." आढावा! कुत्र्याचा! आणि एक तारखेला संगणकाचे एकशे त्रेचाळीस ईमेल. आदरणीय धम्मपाल, धम्मपाल यांनी अद्याप आढावा घेतलेला नाही, तरी धम्मपाल यांना समज देण्यात यावी. प्रत माहितीस्तव, धम्मपाल.

हसताय तुम्ही. हसा. पण मला त्याचं काही नव्हतं हो. माझा जीव दुसरीकडेच अडकलेला. माझी बायको रोहिणी देवळ्याला शाळेत शिक्षिका, मुलगी साक्षी तिच्याजवळ, आणि मी इथे नाशकात एका खोलीत, कुकरमध्ये दोन शिट्ट्यांचा भात. सहा वर्षं देवळ्याच्या उपकेंद्रात बदली मागतोय. शनिवारी दुपारी ठक्कर बाजारला एसटी धरायची, पिंपळगाव, सोग्रस फाटा, देवळा, आणि सोमवारी पहाटे उलटं. साक्षी एकदा म्हणाली, "पप्पा, तुम्ही मंगळवारी कसे दिसता?" आठ वर्षांची होती तेव्हा. आता चौदाची आहे, विचारतही नाही. ते न विचारणं फार लागतं हो.

आणि आली! बदलीची ऑर्डर आली! दहा दिवसांत देवळ्याला रुजू व्हा, नाहीतर आदेश आपोआप रद्द. मी पेढे वाटले, खोली सोडतो म्हणून घरमालकाला सांगितलं, आणि नाचत नाचत संगणकात कार्यमुक्तीचं बटण दाबायला गेलो… बटण करडं. दाबलं तरी दबत नाही. खाली ओळ. आपल्या नावावर एकशे त्रेचाळीस धोरणं आहेत, कार्यभार हस्तांतरित करा. मी वेदिकाला फोन लावला, ओरडलो, हे कोणत्या शहाण्यानं करायला सांगितलं? ती हळूच म्हणाली, "सर… तुम्हीच. त्या किल्लीवाल्या प्रकरणानंतर. कार्यभार दिल्याशिवाय कुणाला जाताच येऊ नये म्हणालात." मीच! आपलेच दात, आपलेच ओठ!

पुन्हा फिरलो. रेक्टर अजून प्रभारीच. ग्रंथपालांची निवृत्ती आता दोन महिन्यांवर. अभियंता अजून तोंडीच. सहा दिवस गेले, सात गेले, आठ गेले. रोहिणी फोनवर काही म्हणेना, नुसतं "बरं" म्हणायची. अहो, बायको भांडली तर माणूस निभावतो, पण ते "बरं"! नवव्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, साहेब, उद्याचा एकच दिवस राहिलाय, कुणाच्या तरी नावावर करा, नाहीतर माझी मुलगी मला लग्नातच बघेल. साहेबही हळहळले. खरंच हळहळले. पण म्हणाले, "टाकणार कुणाला? सगळे नाही म्हणतात. आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही."

वेदिका तिथेच कोपऱ्यात बसलेली. तिचा स्वभावच प्रश्न विचारण्याचा. म्हणाली, "सर, माणसाचं नावच कशाला हवं? पद टाकलं तर?" साहेब म्हणाले, कोणतं पद? "यांचंच. नाव फक्त वरिष्ठ सहायक, धोरण असं करू." पण हे तर चाललेत! "हो ना सर. मग पद रिक्त राहील."

रिक्त! तुम्हाला सांगतो, साहेबांचा चेहरा असा उजळला, असा उजळला… माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी तो चेहरा पाहिला नव्हता. रिक्त पद! जे नाही म्हणत नाही, प्रभारी नाही, निवृत्त होत नाही, चौकशीला बोलावलं तर येत नाही! साहेबांनी तसा प्रस्ताव सगळ्या विभागप्रमुखांना संमतीसाठी पाठवला, आणि नऊ महिने ज्यांची एक सही मिळत नव्हती त्या सगळ्यांच्या संमत्या अकरा मिनिटांत! अभियंत्यांची सर्वांत आधी. लेखी!

बटण हिरवं झालं. मी दाबलं. साहेब म्हणाले, "जा बाबा, सुखी राहा." ठक्कर बाजारला बसमध्ये बसलो, पिशव्या मांडीवर, डोळ्यांतून पाणी येतंय आणि मी हसतोय, शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली.

देवळ्याचं उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक शिपाई केरूभाऊ. केरूभाऊ म्हणाले, "साहेब, संगणक नवा शे, पन नेट नई शे." मी त्यांना मिठीच मारली. नेट नाही! पाच वाजता काम संपलं, साडेपाचला घरी. पहिल्या मंगळवारी साक्षी दारातच उभी होती, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "शनिवारसारखेच दिसता." एवढंच म्हणाली. पण मग माझ्या हातातली पिशवी घेतली.

तर अशी सुटका. तीन आठवडे. मग नेट आलं. नेटबरोबर आदेश आला. वाचतो, ऐका. "वरिष्ठ सहायक, धोरण, हे पद रिक्त राहिल्याने व ते रिकामे ठेवता येत नसल्याने, सदर पदाचा अतिरिक्त कार्यभार, या कामाचा पूर्वानुभव असलेले एकमेव कर्मचारी श्री. धम्मपाल यांच्याकडे सोपवण्यात येत आहे. प्रणाली ऑनलाइन असल्याने देवळा येथून काम करण्यास अडचण नाही." अडचण नाही! मीच तर ऑनलाइन केलं!

रोहिणी ताट वाढत होती. तिनं विचारलं, "किती दिवस?" म्हटलं, पद भरेपर्यंत. "आणि पद कधी भरणार?" म्हटलं, त्याचं धोरण आहे, क्रमांक सत्त्याण्णव, त्या धोरणाचा आधी आढावा व्हायला हवा. "मग जो कोण त्याचा जबाबदार अधिकारी असेल, त्याच्या मागे लागा की!" साक्षीनं लॅपटॉप पुढे ओढला, सत्त्याण्णव नंबर उघडला, लाल चांदणीचा रकाना वाचला, आणि मायलेकी अशा हसत सुटल्या, अशा हसत सुटल्या की भाकरी तव्यावर करपली.

आता मागे लागलोय माझ्याच. मी काही दाद देत नाही. पण रोहिणीला म्हटलं, मंगळवार आहे, घरी आहे, भाकरी करपली तरी गरम आहे… वाढ, आढावा उद्या घेऊ.