सोडलेली कंबर

हॅलो?… कोण?… अरे, तू होय! थांब, तोंडात टाचण्या आहेत… हं, बोल. आज बेकरीत गिऱ्हाईक नाही वाटतं, ताईची आठवण झाली ती?

काय?… ऐकू येत नाही, ते क्रीम फेटायचं यंत्र बंद कर आधी… हं, आता. पँट? घसरते?… तिन्ही?… अगं बाई!

नाही, नाही, आनंदच झालाय. ऐकतेय रे, मशीन थांबवलंय तुझ्यासाठी… हो, बारीक झालास. बायको काय म्हणते?… 'चेहरा आहे तसाच आहे'? हं… रोज बघते ना ती, तिला नाही कळत.

आणि चालणं?… कुठून कुठे?… भट्टीपासून काउंटरपर्यंत! त्याला चालणं नाही म्हणत, लाडोबा. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं? रोज अर्धा तास, भराभर, घाम येईपर्यंत… भट्टीपाशी येतो घाम? हो का? मग भट्टीतला पावसुद्धा बारीक व्हायला हवा. तो तर फुगतो!

बरं, खाण्याचं काय?… चहात साखर नाही. पाव एकच. रात्री नुसत्या भाज्या… शाब्बास. खरंच शाब्बास, चेष्टा नाही करत. आणि ते क्रीमची चव बघणं?… एकच चमचा? चमचा की पळी?… हो, हो, धंद्यासाठी! आमच्या धंद्यात नाही बाई कापड खाऊन बघावं लागत.

काय म्हणालास?… उद्याची तपासणी रद्द?… कळवलंस का त्यांना?… अजून नाही ना? मग नको कळवू… अरे ऐक ना… अरे, ऐकशील का जरा? बाईंनी तीन महिने दिले होते. उद्या रक्तात काय निघतं त्यावर ठरणार, गोळ्या सुरू करायच्या की खाणं-चालणं सांभाळून भागतंय ते. पँट बघून नाही ठरत… काय?… 'पँट खोटं बोलत नाही'?

बोलते.

तुझी बोलते रे… हसू नकोस. आता कसं सांगू तुला… कंबर मी सोडलीय… मी! दुसरं कोण? गेल्या महिन्यात पायाची दुमड उसवली म्हणून तिन्ही पँटी पाठवल्या होत्यास ना, तेव्हा. दीड-दीड इंच.

काय?… का म्हणजे?

मुद्दाम नाही रे, सवयीनं. तुझी पँट दुकानात आली की शिलाईत ठेवलेलं कापड मी थोडं सोडतेच, न विचारता. दहा वर्षं झाली… मग तुला काय वाटलं, लग्नातली पँट अजून आपोआप होते अंगाला?… एरवी अर्धाच इंच सोडते. या वेळी तुझी बायको म्हणाली, जेवून उठला की बटण उघडतो, म्हणून जरा सढळ हातानं…

चिडू नकोस… बरं, चीड. माझंच चुकलं.

खरं माप हवंय? खोक्यांना बांधायची दोरी आहे ना, ती घे. बेंबीवरून गुंडाळ. पोट आत ओढू नकोस, मला इथून कळतं… जुळलं तिथे चिमटीत धर. आता बारा इंची केकचं भांडं घे आणि त्याच्यावर आडवी मोज. एक… दोन… तीन… आणि वर किती?… सहा इंची भांड्याला अर्धा इंच कमी? म्हणजे साडेपाच? नक्की? थांब, वही काढते… तीन महिन्यांपूर्वी बेचाळीस. आता साडेएकेचाळीस. अरे, अर्धा इंच खराच गेलाय की!… एवढासाच कसला? तो तू घालवलास, मी सोडलेला नाही.

ऐक… बाबांच्याही पँटी मीच सोडायचे. ते विचारायचे नाहीत, मी सांगायचे नाही. त्यांना वाटायचं, आपली तब्येत आहे तशीच आहे. पायाची जखम भरेना तेव्हा कुठे साखर तपासली, आणि तोवर उशीर झाला होता… तुझी भीती वाटते रे मला. खूप वाटते. आकडा वाईट आला तर गोळी घे, त्यात कमीपणा कसला? पण जा… जाशील ना?… आठ वाजता. उपाशीपोटी. पळीसुद्धा नाही!

काय?… माझं काय?… माझे कपडे मीच शिवते, दुसरं कोण शिवणार?… नाही रे, नाही सोडलेले… एकदा… दोनदा… बहिणीला असलं विचारतात का?… बरं, तीनदा! झालं समाधान? आता सोडायला शिलाईत कापडच उरलं नाही.

तपासणी? माझी कशाला? मी ठणठणीत आहे. तहान लागते जरा, ती इस्त्रीच्या उकाड्यानं. आणि झोपेतून दोनदा उठावं लागतं, ते काय, वय झालं… काय?… बाबांनाही असंच व्हायचं?

हो… ऐकतेय…

हो… किती वाजता, आठच ना?… बरं. सांग माझंही नाव… नाही, भीती कसली!…

वाटतेय. थोडी.

तू ये मला न्यायला. चालतच जाऊ… हो, भराभर. आणि पट्टा लावून ये, भररस्त्यात मी काही पँट धरणार नाही तुझी… चल, ठेवते.