शिंप्याचा खिसा

बायको: पोटातल्या बाळाची तपासणी नको म्हणजे काय? सुई माझ्या पोटात जाणार आहे, तुमच्या नाही.

शिंपी: अगं, पण गरजच काय? डॉक्टरांनीच सांगितलं होतं ना, तुमच्या चार मुलांत एकाला हा आजार. तो एक आपल्या छकुलीच्या वाट्याला आला. दर महिन्याला रक्त चढवतोय बिचारीला. आता पुढची तीन बिनघोर!

बायको: आणि हाच हिशोब गल्लीभर सांगत सुटलाय.

शिंपी: मग? गणित आहे ते.

बायको: गणिताला मध्ये आणू नका. तो बटणांचा डबा द्या इकडे. काल दवाखान्यातल्या बाईंनी मला कागदावर दाखवलं, मी बटणांवर दाखवते. हे घ्या, एक पांढरं, एक काळं. टाका खिशात. माझ्या पर्समध्येही तसंच. बाळाला दोघांकडून एकेक बटण मिळतं. दोन्ही काळी आली, तरच आजार. काढा एक. बघायचं नाही!

शिंपी: पांढरं.

बायको: माझं काळं. हे बाळ ठणठणीत. आपल्यासारखं, काळं बाळगून मजेत हिंडणारं.

शिंपी: थांब. दोन्ही पांढरी, दोन्ही काळी, नाहीतर एक-एक. तीनच प्रकार! म्हणजे तिनात एक झालं की गं. डॉक्टर चुकले!

बायको: एक-एक दोन तऱ्हांनी येतं. तुमचं काळं माझं पांढरं, नाहीतर तुमचं पांढरं माझं काळं.

शिंपी: ...हां. चारच. मग मी तरी वेगळं काय म्हणतोय?

बायको: बटण परत खिशात टाका. आता दुसरं बाळ. काय आहे खिशात?

शिंपी: एक पांढरं, एक काळं.

बायको: आणि छकुलीच्या वेळी?

शिंपी: हेच.

बायको: मागच्या वेळी काय निघालं, ते खिशाला कुठे ठाऊक आहे?

शिंपी: म्हणजे पुन्हा चारात एक? आणि मी झबली कापायला घेतली!

बायको: कापा की! चारांतले तीन आपल्या बाजूने आहेत. मी कुठे रडत बसलेय? मला फक्त आधी कळायला हवं. आणि दवाखान्यातल्या त्या टेबलावर मला एकटीला झोपायचं नाहीये, तुम्ही शेजारी हवेत.

शिंपी: एक सांग. छकुलीच्या दोन काळ्यांतलं एक माझ्या खिशातलं?

बायको: मग काय शेजारच्यांच्या?

शिंपी: आणि आई छकुलीच्या आजारावरून ऊठसूट तुझ्या माहेराला नावं ठेवते.

बायको: तुम्ही मशीन चालवत असता तेव्हा. तुम्हाला ऐकू येत नाही, असं मी धरून चालते.

शिंपी: येतं गं. सगळं ऐकू येतं.

बायको: ...तपासणी गुरुवारी आहे. सकाळी लवकर.

शिंपी: दुकान बंद ठेवतो. डबा आवरू नकोस अजून. आईला बोलावतो. आधी माझा खिसा दाखवतो तिला.