नाव पुकारायची जागा

(सोलापूर, १९७८चा उन्हाळा. गिरणीच्या चाळीतली खोली. श्रीरंग संध्याकाळच्या गाडीनं नोकरीच्या गावी परत निघालाय. आई त्याच्या शिदोरीची भाकरी फडक्यात बांधतेय. थोरली सून शैला तान्ह्या मनूला मांडीवर घेऊन बसलीय.)

शैला : तुम्ही दिवाळीतच सांगितलं होतं, भाऊजी. इथंच बसून, चकली खात. ‘वहिनी, भोंगा अवेळी झाला तर गिरणीच्या गेटकडं जायचं नाही. आधी वारा कुठनं येतोय ते बघायचं.’ त्यावर मी काय म्हटलं, आठवतंय?

श्रीरंग : जाऊ द्या हो, वहिनी.

शैला : म्हटलं, ‘अणुइंधनाच्या कारखान्यात लागल्यापासून भाऊजींना चूल पेटवायचीसुद्धा धास्ती वाटते.’ सगळे हसले. अंबुबाई तर भिंतीपलीकडनं हसल्या.

आई : अंबू हसली की आख्खी चाळ हसायची. रोज ऐकू यायचं, आता भिताडाला कान लावला तरी तिचा नवरा शिवप्पा खोकल्यालाबी ऐकू येत न्हाय.

श्रीरंग : तो विषय आज नको, आई. मला निघायच्या आधी एक उत्तर हवंय. दादाला विचारलं तर म्हणतो, शैला म्हणेल तसं. सोमवारी साहेबांना होकार कळवायचा आहे. फिटरची जागा आहे, पक्की. दोन खोल्यांचं क्वार्टर, नळ घरात. इथं ब्लीचिंग खातं पुन्हा कधी सुरू होईल, देव जाणे. दादा किती दिवस असा गेटवर चौकशी करत हिंडणार?

शैला : क्वार्टर कारखान्यापासून किती लांब आहे?

श्रीरंग : जवळच. दादाला चालत जाता येईल.

शैला : जवळ म्हणजे किती?

श्रीरंग : रस्ता ओलांडला की.

आई : म्हंजी हितल्यासारकंच की.

श्रीरंग : इथल्यासारखं कसं, आई? इथं कुणी काही ठरवलेलंच नव्हतं. तिथं प्रत्येक गोष्ट ठरलेली आहे. माझं कामच ते. काही घडलं तर कुणी काय करायचं, कुणी कुठं उभं राहायचं, कुणी कुणाला फोन करायचा. दर तीन महिन्यांनी ड्रिल होतं.

आई : मला एक सांग. ते बाँबसारकं फुटतं का?

श्रीरंग : नाही. किती वेळा सांगू? आम्ही बाँब करत नाही, इंधन करतो. युरेनियमची पूड दाबून खडूच्या तुकड्याएवढ्या गोळ्या करायच्या, भट्टीत भाजायच्या, धातूच्या नळ्यांत भरायच्या. पुढं त्या नळ्या वीजघरात जातात. आमच्याकडं भीती असते ती पूड नाकातोंडात जायची, ॲसिडच्या धुराची आणि आगीची. त्या नळ्यांच्या धातूचा बारीक कीस पडतो, तो पेटला तर भडकतो. त्यावर पाणी मारायचं नाही. कोरडी वाळू टाकायची.

आई : आगीवर पानी न्हाय? मग काय, हळदकुंकू लावायचं व्हय?

श्रीरंग : पाण्यानं ती जास्त भडकते, आई. म्हणून तर शिकवावं लागतं. नवा माणूस आला की आधी वाळूच्या बादल्या दाखवतो, मग मशीन.

शैला : हे आतल्यांचं झालं. आता माझं सांगा. भोंगा झाला. हे तुमच्या कारखान्यात, आई बाजारात, मनू माझ्या कडेवर. मी काय करायचं?

श्रीरंग : आमच्याकडं सायरन आहे. एकाहत्तरच्या लढाईत वाजायचा तसा. खालीवर होत वाजला तर धोका. दारं-खिडक्या लावायच्या, फटीत ओली फडकी कोंबायची आणि घरात बसायचं. एकसारखा लांब वाजला की धोका टळला.

शैला : आणि मी घरात बसले नाही तर?

श्रीरंग : का नाही बसणार?

आई : आरं, नवरा आत आसताना बाई घरात बसती व्हय?

श्रीरंग : बसायलाच पाहिजे. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, वहिनी.

शैला : मी बी.एस्सी. आहे, भाऊजी. केमिस्ट्री घेऊन. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, हे मी परीक्षेत लिहिलंय. प्रयोगशाळेत त्याची बरणी हातात धरलीय. तुम्ही सांगितलेलं होतं ते वेगळंच. आणि त्या दिवशी ब्लीचिंग खात्यातला क्लोरीन सुटला, अवेळी भोंगा झाला तेव्हा मी काय केलं? मनूला उचललं, पायात चपला नाहीत, आणि धावले. सगळ्यांच्या पुढं.

श्रीरंग : घाबरलात. माणूस घाबरतं.

शैला : घाबरले असते तर उलटीकडं पळाले असते की.

आई : ते घाबरनं न्हवं, श्रीरंगा. तुला ठावं न्हाय, तू शाळंत आसायचास. तुझा बा सूतखात्यात हुता तवा दोनदा झालंय तसं. एकदा बॉयलर, एकदा कापसाची आग. अवेळी भोंगा झाला की चाळीतल्या समद्या बाया गेटावर. टायमकीपर आत स्टुलावर हुबा ऱ्हायचा आन नावं पुकारायचा. जे धड हायत त्यांचीच. नाव आलं की कुकवाला बोट लावायचं आन मागं न बघता घरी यायचं. न्हाय आलं तर हुबं ऱ्हायचं. म्या दोन्ही येळंला हुबी हुते.

शैला : त्या दिवशी आम्ही तशाच उभ्या होतो. नावाची वाट बघत.

श्रीरंग : पण त्या दिवशी टायमकीपरनं सगळ्यांना मागच्या दारानं बाहेर काढलं. तळ्याकडं, वाऱ्याच्या उलट. मी चौकशी केली. अगदी बरोबर केलं त्यानं. आतला एकही माणूस दगावला नाही. कुठलाही ऑफिसर एवढं करू शकला नसता.

शैला : खरंय, बरोबरच केलं. म्हणून तर पुढच्या गेटावर नावं पुकारायला कुणी उरलं नाही.

श्रीरंग : म्हणजे बायका तिथंच थांबल्या?

शैला : नाव येईना, म्हणून बायका हलेनात. कुणी म्हणालं, वास येतोय. कुणी म्हणालं, ब्लीचिंगचा वास तर रोजच येतो. ते पिवळट काहीतरी भिंतीवरनं उतरत होतं, मला दिसत होतं. मी बघतेय आणि उभी आहे. माझ्या मनात एकच, यांचं नाव मी इथं नसताना आलं तर?

आई : मनूनं उलटी केली.

शैला : मनूनं उलटी केली म्हणून मी मागं फिरले. शहाणपणानं नाही. अंबुबाईंचा हात ओढला, चला म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘तू जा ग, लेकरू हाय. शिवप्पाचं नाव आलं की आलेच मी.’ आणि उभं राहवेना म्हणून भिंतीच्या कडेला खाली बसल्या. खाली, भाऊजी. पदर नाकाला लावून, जमिनीवर.

आई : आन शिवप्पा हितं दारात हुबा, तळ्याकडनं पळत आलेला. मला इचारतोय, ‘अंबू कुटं हाय?’

श्रीरंग : वहिनी, आमच्याकडं एवढा मोठा क्लोरीनचा साठा नाही. तुलना होत नाही.

शैला : वायूची तुलना मी करतच नाहीये. बायकांची करतेय. तुमच्या कागदात बाया घरात बसल्यात. खऱ्या कुठं असतील?

श्रीरंग : गेटसमोर गर्दी करू नये, असं स्पष्ट लिहिलंय. बोर्डही लावलाय. इंग्रजी, हिंदी, तिथली भाषा.

आई : तितं पोलीस हुबा करशील तर त्याची बायकुबी आत कामाला आसंल बघ, त्योबी नावाचीच वाट बघंल.

श्रीरंग : मग तुम्हीच सांगा काय लिहू. मी चेष्टा करत नाही. आमची मीटिंग होते तेव्हा सगळे इंजिनियर असतात. कुणी म्हणतं भोंगा मोठा करा, कुणी म्हणतं दोन बसवा. तुम्ही आता म्हणालात ते कुणी म्हणालेलं नाही.

शैला : नावं कुठं सांगणार, तेवढं ठरवा.

श्रीरंग : म्हणजे?

शैला : बाई गेटकडं धावते ती गेटसाठी धावत नाही. नाव तिथं कळतं म्हणून धावते. नाव दुसरीकडं कळणार असेल तर ती दुसरीकडं धावेल. कॉलनीत शाळा आहे ना?

श्रीरंग : आहे. पलीकडच्या टोकाला. चढावर.

शैला : मग आतला माणूस बाहेर पडला की आधी एकानं शाळेत जायचं आणि नावं पुकारायची. काही कळलं नसेल तर ‘कळलं नाही’ असं पुकारायचं, पण उभं राहायचं. आणि हे बायकांना आत्ता सांगायचं. हळदीकुंकवाला बोलवा, भिशीत सांगा, कसंही. नाव शाळेत कळतं, गेटावर कळत नाही. एवढं एकच वाक्य. वारा, दारं, फडकी, ते मागनं.

श्रीरंग : वारा शाळेच्या बाजूला गेला तर?

शैला : मग दुसरी जागा. तुम्ही शिकलात ना ते? मला एवढंच कळतं की जागा पाहिजे.

श्रीरंग : घरात बसायला सांगणं शास्त्राला धरून आहे, वहिनी. बाहेर पडलेली बाई जास्त धोक्यात. साहेब हेच म्हणतील.

शैला : त्यांना म्हणावं, बसली तर उत्तमच. नाही बसली तर कुठं सापडेल, ते तरी ठरवून ठेवा.

आई : हिच्या तोंडाला लागू नगंस. कालेजात वादात बक्षीस मिळालंय.

श्रीरंग : मी मांडतो. खरंच मांडतो. मग येताय ना? कॉलनीतल्या सगळ्यांना मी स्वतः सांगेन.

शैला : कॉलनीतल्या. आणि कॉलनीबाहेर?

श्रीरंग : बाहेर कोण आहे? माळ आहे.

आई : माळावर झोपड्या न्हाईत व्हय? नवी इमारत बांदताय म्हनलास ना? गवंडी, खडी वाहनाऱ्या बाया कुटं ऱ्हात्यात मग?

श्रीरंग : ती कंत्राटदाराची माणसं, आई. कारखान्याच्या भिंतीला लागून राहतात. येतात-जातात. आमच्या हजेरीपटावर नाहीत.

शैला : भिंतीला लागून.

श्रीरंग : सावली पडते म्हणून.

आई : अंबूची धाकटी भन त्यातच हाय. निंगव्वा. तूच न्हवं का गेल्या साली तिच्या नवऱ्याला, येडूला, तितं कामाला लावलास? अंबूनं तुज्या हातावर दही ठेवलं हुतं त्या दिशी.

श्रीरंग : हो. येडू आता आत असतो, सिमेंटच्या कामावर. निंगव्वा दिसते कधीकधी. मूल झालंय तिला.

शैला : तुमच्या कागदात ती कुठं बसते? तिच्या झोपडीला दार आहे का लावायला?

श्रीरंग : पोत्याचा पडदा आहे.

शैला : सायरन झाला तर ती काय करेल?

श्रीरंग : मला माहीत नाही, वहिनी.

आई : म्या सांगते. ती हिरेमठाच्या बोळात ह्याच गिरणीच्या भोंग्यावर मोठी झालीया. गेटावर जाईल. लेकरू घिऊन.

शैला : अंबुबाई गेल्यावर ती आली नाही. मला वाटलं, पैशाअभावी आली नसेल.

आई : तिला कुटं सांगितलंय नीट? शिवप्पानं तार केली, झोपेतच गेली म्हनून. दिवस हून गेल्यावर. मला म्हनला, ‘बजाबाई, माज्यापायी मेली असं मेव्हणीला कोनत्या तोंडानं सांगू? मी तर धडधाकट.’ म्या पन मग गप बसले. मेलेलं मानूस, कशानं का जाईना.

शैला : आई.

आई : चुकलं आसंल. त्याचं तोंड बघवत नव्हतं ग.

श्रीरंग : मी इथं येईपर्यंत मलाही खरं ठाऊक नव्हतं. ती मला भेटली होती मध्ये. म्हणाली, अक्का सुखानं गेली म्हणे, झोपेत.

शैला : भाऊजी, तुमची गाडी चुकेल, म्हणून थोडक्यात सांगते. यांची नोकरी मला नको असं नाही. मनूला इथं रात्रभर खोकला लागतो, डॉक्टर म्हणतात जागा बदला. नळ घरात हवा मलाही. पण होकार मी सोमवारी देणार नाही.

श्रीरंग : जागा थांबणार नाही, वहिनी.

शैला : जाऊ दे मग. तुमच्या साहेबांचं उत्तर मला नकोय. उद्या उतरलात की क्वार्टरवर जायच्या आधी भिंतीकडं जा. निंगव्वा कशी आहे बघा, बाळ कसं आहे बघा. तिला विचारा, सायरन झाला तर कुठं जाशील. ती काय म्हणते ते जसंच्या तसं मला कळवा. मग मी सांगते, सामान बांधायचं की नाही.

श्रीरंग : आणि अंबुबाईंचं?

आई : शिवप्पाला काय वाटंल?

शैला : शिवप्पांशी मी बोलते, आत्ता, भाऊजी गेले की. पण तिला खरं कळू दे. तुम्ही सांगा, भाऊजी. उभ्या उभ्या नका सांगू, जवळ बसून सांगा. म्हणावं, तुझी अक्का झोपेत गेली नाही. नवऱ्याचं नाव ऐकायला गेटावर बसली होती, आणि नवरा तोवर घरी आला होता.